शाहूवाडीय बाळोते-मीमांसा

नैयायिकांनी वस्त्राचा विचार फार खोलवर केला आहे. तंतू हे पटाचे समवायी कारण, तंतूंचा संयोग हे असमवायी कारण आणि विणकराची साधने हे निमित्तकारण, एवढ्या सूक्ष्मतेपर्यंत ते पोहोचले. सतराव्या शतकात अन्नंभट्टाने रचलेल्या तर्कसंग्रहात हाच दृष्टांत आहे आणि न्यायशास्त्राच्या प्रथम वर्गातला विद्यार्थी आजही तो मुखोद्गत करतो. मात्र तो पट ओला आहे की कोरडा, हा प्रश्न त्या परंपरेत उपस्थितच होत नाही. पट उत्पन्न झाला की नैयायिक समाधान पावतात. ज्या घरात सहा दिवसांचे बालक आहे त्या घरातील विचार नेमका तिथून पुढे सुरू होतो. प्रस्तुत प्रबंध ही उणीव दूर करण्याच्या हेतूने लिहिला आहे.

प्रथम क्षेत्रनिश्चिती. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम कडेचा शाहूवाडी तालुका या शास्त्राची जन्मभूमी ठरतो, त्याला भौगोलिक कारण आहे. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीच्या कड्याला थडकून वर चढतात, थंड होतात आणि आंबा, गजापूर, विशाळगड या पट्ट्यात आपला भार उतरवतात. तेथून पूर्वेस मलकापूर, पुढे बांबवडे, सरूड असे सरकत गेले की पाऊस उतरत जातो आणि उसाचे मळे सुरू होतात. एकाच तालुक्यात, एकाच दिवशी, सरूडला दोरीवर घातलेले फडके दुपारपर्यंत वाळावे आणि आंब्याला घातलेले परवापर्यंत वाळू नये, अशी ही स्थिती आहे. शुष्कतेचा असा पूर्व-पश्चिम उतार अन्यत्रही असेल. परंतु येथे सरूडची लेक गजापूरला दिलेली असते, पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी येते आणि तिसऱ्या महिन्यात बाळासह सासरी जाते. परिणामी एकाच बालकावर दोन भिन्न हवामानांचे सिद्धान्त क्रमाने लागू होतात. तुलनात्मक अभ्यासाला याहून अनुकूल भूमी मिळणे कठीण.

आता अनुबंधचतुष्टय. विषय: नवजाताने धारण करण्याची आणि त्याच्याखाली अंथरण्याची वस्त्रे. प्रयोजन: बालकाची निद्रा, अवांतर प्रयोजन: इतरांची निद्रा. संबंध: ज्ञाप्य-ज्ञापकभाव, त्याचा विस्तार नको. राहता राहिला अधिकारी, आणि वादाचे मूळ तेच आहे. जिने किमान एका बाळंतपणात किमान एक आषाढ दोरी आणि चूल यांच्यामध्ये येरझाऱ्या घालत काढला आहे, ती या शास्त्राची अधिकारी होय. पहिले बाळंतपण माहेरचे, म्हणून प्रथमाधिकार बाळंतिणीच्या आईकडे जातो. आत्याचा अधिकार बाराव्या दिवशी, बारशाला, उदय पावतो आणि कुंचीपुरता मर्यादित असतो. तो मर्यादित आहे हे आत्याला मान्य नसते. पित्याला अधिकार नाही. मलकापूरच्या बाजारपेठेतून एक माप मोठी वस्तू घेऊन येणे, एवढ्यापुरता तो निमित्तकारण आहे. बालकालाही निवडीचा अधिकार नाही, मात्र त्याला नकाराधिकार आहे, आणि ते तो वस्त्र बदलल्यानंतर लगेचच वापरते असे निरीक्षण आहे.

लक्षणाकडे वळू. बाळोते म्हणजे काय? ‘बालकाने जे ओले केले ते बाळोते’ असे लक्षण पूर्वी प्रचलित असावे. त्यात अतिव्याप्तीचा दोष आहे, कारण आजोबांचे धोतर, मावशीची मांडी आणि बाळ बघायला आलेल्या शेजारणीचा पदर हे सर्व त्यात येतात. ‘ओले व्हावे म्हणून जे अंथरले जाते ते’ असे म्हणावे तर अव्याप्ती. दोरीवरचे आणि ट्रंकेतले बाळोते सुटून जाते. शिवाय अंथरलेले वस्त्र कोरडेच राहते आणि ते बदलण्यासाठी उचलल्याच्या क्षणी, मोकळ्या हवेत, मूळ घटना घडते, असा अनुभव सार्वत्रिक असल्याने असंभवाचाही संशय येतो. निर्दुष्ट लक्षण असे: जीर्ण सुती वस्त्राचा चौकोनी खंड, जो ओला झाल्याने पदच्युत होत नाही आणि वाळल्यावर पूर्ववत स्वपदी रुजू होतो. मांडी दोरीवर वाळत घालता येत नाही, म्हणून या लक्षणातून ती आपोआप वगळली जाते.

लक्षणातील ‘जीर्ण’ हे पद वादग्रस्त आहे. येथे दोन संप्रदाय समोरासमोर उभे राहतात.

नूतनवादी म्हणतात की नव्या जिवाला नवे वस्त्र. जीर्णवाद्यांचे म्हणणे असे की बारशापर्यंत बालकाच्या अंगाला नवा धागा लागू नये. कित्येक घरांत तर ज्याचे मूल धडधाकट आहे त्याच्याकडून जुनी झबली मागून आणण्याचा प्रघात आहे. ते मूल जगले, वाढले, त्याच्या अंगचे याच्या अंगी लागावे, हा आशय. बाळ जन्मण्याआधी काहीही विकत घेऊन ठेवायचे नाही, हा निषेधही याच संप्रदायाचा. नूतनवादी याला अंधश्रद्धा म्हणतात, परंतु त्यांनी सायझिंगचा कारखाना पाहिलेला नसतो. याच जिल्ह्यात इचलकरंजीला 1904 साली पहिला यंत्रमाग आला आणि 1906 मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात कापड गिरणीची मुहूर्तमेढ रोवली. तेव्हापासून इथल्या माणसाला कापड कसे बनते हे ऐकून का होईना ठाऊक आहे. मागावर ताणा तुटू नये म्हणून सुताला खळ दिली जाते. इचलकरंजीत हे काम करणारे वेगळे कारखाने आहेत. खळ आणि वर चढवलेले फिनिशिंग अंगावर असेपर्यंत नवे कापड ताठ राहते, टोचते आणि पाणी शोषण्यास नाखूश असते. पन्नास धुण्यांनंतर खळ जाते, सूत सैल होते, तंतू पाणी ओढू लागतात. तात्पर्य, जीर्णता हा गुण काळाने नव्हे, ओढ्यावरच्या दगडाने उत्पन्न होतो. म्हणून दुकानातून आणलेले झबलेही तीनचार वेळा धुऊनच अंगात घालावे, या एका कलमावर आधुनिक बालरोगतज्ज्ञ आणि आजी यांची युती झालेली दिसते.

या जीर्णवादातून आमच्या शास्त्रातील एकमेव गणिती सिद्धान्त निष्पन्न होतो. नऊ वारांचे लुगडे म्हणजे सव्वाआठ मीटर. पन्हा एक मीटरहून थोडा अधिक. काठ-पदर वेगळे काढून अर्ध्या मीटरचे चौकोन फाडले (कापायचे नाहीत, फाडायचे, सरळ फाटले तरच सूत चांगले) तर तीसच्या आसपास बाळोती मिळतात. पहिला आठवडा सरल्यावर बालकाने दिवसातून किमान सहा वेळा ओले करणे हे त्याचे पोट भरत असल्याचे चिन्ह मानले जाते; व्यवहारात दहा धरू. वाळण्यास तीन दिवस लागत असतील, तर दहा गुणिले तीन. अर्थात, एक नऊवारी लुगडे बरोबर एक नवजात, आषाढमासी, आंबा घाटमाथ्यावर. हाच लुगडे-सिद्धान्त. सरूडला, वैशाखात, त्याच लुगड्यात तिळी वाढवता येतील.

दुर्दैवाने सिद्धान्त सिद्ध झाला तेव्हाच त्याचे उपादानकारण संपत आले. आजची आजी सुती लुगडे नेसत नाही. तिच्या कपाटात सिंथेटिक साड्या आहेत. पॉलिस्टर पाणी शोषीत नाही, ते बालकाच्या पाठीखाली तसेच तिष्ठत ठेवते. या संकटातून गाऊनवाद हा उपसंप्रदाय जन्मला. आजीचा विटलेला सुती गाऊन उसवून त्याची बाळोती करावीत, असे हा पक्ष सांगतो. मूळ जीर्णवादी त्याला हीन लेखतात, कारण गाऊनच्या घेराचे तुकडे तिरके निघतात आणि शिवण मध्ये येते. आमचे मत गाऊनवाद्यांच्या बाजूने झुकते. शिवण उसवता येते. आजोबांच्या धोतरांचा पर्याय उत्तम, परंतु आजोबाच आता पॅन्ट घालतात. गणेश मंडळाच्या टी-शर्टांचा विचार काही घरांत झाल्याचे ऐकिवात आहे. छातीवरच्या छापामुळे तो फेटाळला गेला, आणि तो छाप नसता तरी धाग्यामुळे फेटाळावा लागला असता.

प्रावरणांचे प्रकार पाच.

(1) टकुचे, शहरी भाषेत टोपडे. नवजाताचे मस्तक त्याच्या एकूण लांबीच्या सुमारे चौथा हिस्सा असते. त्या मानाने उष्णता तिकडून फार निसटते. नवजाताला थंडीने कुडकुडताही येत नाही. त्याची ऊब खांद्यांच्या मधोमध व अन्यत्र साठलेल्या तपकिरी मेदाच्या ज्वलनातून येते, आणि हा साठा बेताचा असतो. म्हणून जन्मतःच अंग पुसून डोक्याला टकुचे बांधतात, त्यास विज्ञानाची संमती आहे. वाद निर्माण होतो तो नंतर, घरात, झोपेच्या वेळी. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2022 साली घरात झोपलेल्या बालकाला टोपी नको असे सांगितले आहे, कारण बालक तापते आणि टोपी तोंडावर सरकते. ‘वारं लागंल’ हा प्रतिपक्ष. या दोन शब्दांचे खंडन अद्याप कोणाला करता आलेले नाही. खिडकी बंद आहे हे दाखवून दिल्यास, वारे दाराच्या फटीतून येते असे उत्तर मिळते.

(2) झबले. याचे पुढून उघडे आणि मागून उघडे असे दोन भेद. मागून उघडे झबले उताण्या बालकाच्या पाठीखाली गाठ निर्माण करते, म्हणून वर्ज्य. बंदांविषयी दोन शाखा आहेत: नाडीवादी व टिचबटणवादी. नाडीवाद्यांचा मुद्दा असा की नाडी बालकाच्या वाढीबरोबर सैल करता येते. टिचबटणवाद्यांचा मुद्दा असा की पहाटे तीन वाजता, मिणमिणत्या दिव्यात, रडणाऱ्या बालकाच्या झबल्याची नाडी कोणी बांधून दाखवावी. लांब नाडी गळ्याभोवती व बोटांभोवती गुंडाळली जाऊ शकते, हे लक्षात घेता नाडी वीतभर तर नसावीच.

(3) लंगोट. तिकोनी. विस्ताराचे कारण नाही.

(4) दुपटे. याचा विचार पुढे स्वतंत्रपणे करू, कारण त्यात बंध आणि मोक्ष यांचा प्रश्न गुंतला आहे.

(5) कुंची. खणाची, कडेने गोटा लावलेली, डोक्यावरून पाठीवर झुलणारी. बारशाला आत्या आणते. पावसात रानात जाणारा माणूस घोंगड्याची खोळ डोक्यावर घेतो, तिचेच हे लघुरूप असावे असे आमचे अनुमान आहे. फरक एवढाच की खोळ पाणी अडवते आणि कुंची दृष्ट. घालायला ती अत्यंत गैरसोयीची असून तासाभरात काढून ठेवली जाते. एरवी तिचे वास्तव्य कपाटातच असते आणि तेथून ती पुढच्या पिढीतील बारशाला बाहेर येते.

रंगासंबंधी मौन पाळतो. बारशाच्या आधी सर्व रंग धुऊन धुऊन एकाच करड्या छटेला पोहोचलेले असतात, आणि नंतर रंग निवडण्याचा हक्क भेट देणाऱ्यांकडे जातो.

आता बंध-मोक्ष. बालकाला दुपट्यात घट्ट गुंडाळावे की हातपाय मोकळे सोडावे? पश्चिमेत हा वाद अठराव्या शतकात पेटला. विल्यम कॅडोगन या इंग्रज वैद्याने 1748 मध्ये बालसंगोपनावरील निबंधात पट्ट्यांनी आवळण्यावर टीका केली. 1762 मध्ये रूसोने ‘एमिल’च्या आरंभीच त्या बंधनाला माणसाच्या दास्याची पहिली पायरी मानले. हे दोघे मोक्षवादी. बंधवाद्यांचा पुरावा मात्र बालकाच्या अंगातच आहे: झोपेत ते अचानक दचकते, दोन्ही हात फेकते, आपल्याच हातांनी जागे होते आणि त्याचा दोष घरच्यांना देते. गुंडाळले की हे थांबते. शाहूवाडीतील सिद्धान्त मध्यममार्गी आहे. हात आत, छातीशी. पाय मात्र बेडकासारखे मुडपून सैल. अस्थिरोगतज्ज्ञांचेही हेच सांगणे आहे, कारण पाय सरळ ताणून बांधल्यास खुब्याचा सांधा नीट घडत नाही. अर्धा देह बद्ध आणि अर्धा मुक्त, अशा या अवस्थेतील बालकाला आम्ही जीवन्मुक्त ही संज्ञा देतो. बालक कुशीवर वळू लागले की बंधवाद पूर्णतः सोडावा लागतो. तिथे मतभेदाला जागा नाही.

आस्तरणात मुख्य ती वाकळ. मऊ, जाड, फुगीर असे काहीतरी बाळाखाली असावे अशी सर्वसामान्य समजूत आहे, आणि दुकानदार तिला पुष्टी देतात: फोमची गादी, तिला उशी, उशीला कान, कानांना झालर. शास्त्र नेमके उलट सांगते. अमेरिकेत 1994 पासून बालकाला उताणे निजवण्याची मोहीम सुरू झाली आणि झोपेतील आकस्मिक मृत्यूंचे प्रमाण पुढे लक्षणीय घटले. उताणे निजवावे, खालचे अंथरूण घट्ट व सपाट असावे, तोंडाजवळ उशी, सैल पांघरूण, लोकरीचे खेळणे यांपैकी काही नसावे, हे त्यातील सूत्र. या कसोटीला वाकळ उत्तम उतरते. तिचा आडवा छेद घेतल्यास स्तररचना स्पष्ट दिसते: वर थोरल्या जावेचे पातळ, खाली आजेसासूचे लुगडे, त्याखाली धोतर, मध्ये कुणाच्या तरी लग्नातली चादर, तळाशी ज्याचे मूळ आता सांगता येत नाही असे काही. कडेपासून आत आत सरकत जाणारा धावदोरा हे सर्व स्तर जखडून ठेवतो. भूगर्भशास्त्रात सर्वांत खालचा थर सर्वांत जुना असतो. वाकळीत ते खात्रीने सांगता येत नाही, कारण ती मध्येच उसवून नवा थर घातलेला असतो. वाकळ दबत नाही, फुगत नाही, बालक तिच्यात रुतत नाही. उन्हाळ्यात शिवावी, पावसाच्या आत संपवावी. घोंगडे अंगाशी कधीच नाही, ते टोचते. त्याचे स्थान सर्वांत बाहेर, किंवा बाजेखाली सापडलेल्या जावयाच्या पाठीखाली.

मोहरीच्या उशीबद्दल एक वाक्य पुरे: डोके गोल व्हावे म्हणून ती देतात, डोके बहुधा आपोआपही गोल होते, आणि फाटकी उशी असल्यास मोहरी कानात जाते.

आता मुख्य प्रकरण. मृग गेला, आर्द्रा गेली, तरणा पाऊस संपून म्हातारा लागला, म्हणजे घाटमाथ्यावर आकाश आणि अंगण यांत भेद उरत नाही. अशा वेळी घरात नवजात असल्यास सर्व शास्त्रार्थ एकाच पदार्थावर केंद्रित होतो: कोरडे बाळोते. त्याचे भावरूपाने वर्णन करणे अशक्य असल्याने आम्ही अभावमुखाने करतो. अन्नंभट्टाने अभाव चार मानले आहेत आणि आश्चर्य म्हणजे चारही इथे तंतोतंत लागू पडतात.

बाळोते धुतले आहे, दोरीवर आहे, पण अजून वाळायचे आहे: हा प्रागभाव. वाळले होते, घडी केली होती, आणि आत्ताच ओले झाले: हा प्रध्वंसाभाव. समोर टॉवेल आहे, आजोबांचा पंचा आहे, टेबलाचा रुमाल आहे, परंतु टॉवेल म्हणजे बाळोते नव्हे: हा अन्योन्याभाव. आणि आषाढातील रात्री दोन वाजता, गजापूरच्या घरात, भूत-वर्तमान-भविष्य या तिन्ही काळी कोरडे बाळोते नाही: हा अत्यंताभाव. पहिल्या तिन्हींवर उपाय आहे. चौथ्याला शास्त्रकारांनी नित्य मानले आहे.

चौथ्याशी झुंजण्यासाठी या प्रदेशाने जो उपाय काढला, त्याचे नाव डालगे. कोंबड्या झाकण्याचे बांबूचे डालगे उपडे घालावे, खाली शेगडीत विझत आलेले निखारे ठेवावेत, वर बाळोती पसरावीत. ज्वाला नको, धूर नको, केवळ धग. बांबूच्या विणीतून उष्ण हवा वर येते, बाष्प घेऊन निघून जाते. दोरीवर तीन दिवस रेंगाळणारे काम तासाभरात होते. जवळ माणूस बसून असलाच पाहिजे, निखारा उडाला तर वस्त्रासह सिद्धान्तही जळतो. त्या काळात कोंबड्यांनी कुठे जावे, हा प्रश्न आनुषंगिक असला तरी अंगणात तो दिवसभर उपस्थित होत राहतो.

या पद्धतीला ग्रंथप्रामाण्यही आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात बालकाच्या शय्या-आस्तरण-प्रावरणाचे नियम दिले आहेत: ती मृदू, हलकी, स्वच्छ, सुगंधी असावीत, घाम, मळ, किडे, मलमूत्र यांनी दूषित झालेली टाकून द्यावीत. आणि त्याच दमात पुढे अशी सवलत आहे की दुसरी मिळण्यासारखी नसतील तर तीच उत्तम धुऊन, धुपवून, शुद्ध व कोरडी करून वापरावीत. भाष्यकारांनी ही सवलत गौण मानली असल्यास तो त्यांचा प्रमाद आहे. ‘दुसरी मिळण्यासारखी नसतील तर’ या पदसमूहात संपूर्ण शाहूवाडी तालुका येतो. पुढे धुपासाठी यव, मोहरी, जवस, हिंग, गुग्गुळ, वेखंड यांपासून सापाच्या कातीपर्यंत द्रव्ये तुपासह सांगितली आहेत. येथे एक सावधगिरी: धूर वस्त्राला द्यायचा आहे. बालकाला त्याच खोलीत ठेवून दिल्यास तो फुप्फुसात जातो, आणि ते चरकालाही अभिप्रेत नसावे.

दिवेलागणीनंतर बाळाचे कपडे बाहेर ठेवायचे नाहीत, हा निषेध दृष्ट आणि आसरांच्या भयाने पाळला जातो. दवाने ते पुन्हा ओलसर होतात आणि त्यांत किडे शिरतात, हे कारण दुय्यम म्हणून नोंदवतो. वस्त्रे घरात येतात, एवढे पुरेसे आहे.

आता प्रमाणविचार. बाळोते वाळले आहे हे कशाने जाणावे? या विषयावरील आधारभूत संवाद मायलेकींचा आहे:

“वाळलंय काय गं?”

“वाळलंय की.”

“गालाला लावून बघ.”

“गार लागतंय, आई.”

“गार हाय का वल्लं हाय?”

शेवटच्या वाक्याची खोली पाश्चात्त्य शरीरशास्त्राच्या ध्यानात अलीकडे आली आहे. मानवी त्वचेत उष्ण, शीत, दाब यांची संवेदना घेणारी यंत्रणा आहे. ओलेपणाची स्वतंत्र संवेदना नाही. गारवा आणि चिकटपणा एकत्र जाणवले की मेंदू ओलेपणाचे अनुमान करतो. म्हणजे ओलेपण प्रत्यक्षाने कळतच नाही, आणि म्हणूनच त्यात भ्रम संभवतो. श्रावणातल्या सर्द खोलीत घडी घातलेले कोरडे बाळोते ओले भासते. उलट, डालग्यावरून नुकतेच उचललेले ओलसर बाळोते उबेमुळे कोरडे भासते आणि बाळाच्या अंगाखाली गेल्यावर पाच मिनिटांत आपले खरे स्वरूप प्रकट करते. दुसरा भ्रम घातक, कारण नवजाताची ऊब ओलीतून वेगाने जाते. यावरचा उपाय म्हणजे डालग्यावरून काढलेले बाळोते थोडे निवू द्यावे आणि मगच गालाला लावावे. वरच्या ओठाला लावावे असे मानणारा एक लघुपंथ आहे. त्याचा गालवाद्यांशी वाद निष्फळ आहे. तळहात मात्र सर्वांनीच अप्रमाण ठरवला आहे, कारण भांडी घासून तो मुळातच ओला असतो. पित्याचे ‘वाळलंय’ हे शब्दप्रमाणात मोडत नाही. आप्तवाक्य प्रमाण असते आणि आप्त तो, जो यथार्थ जाणतो आणि यथार्थ बोलतो.

पूर्वपक्ष येथे उठतो. हा सारा खटाटोप डायपरने मिटवला आहे, असे तो म्हणतो. बांबवड्याच्या कोणत्याही मेडिकलमध्ये पुडा मिळतो, रात्रभर बाळ कोरडे, आजी कोरडी, डालगे कोंबड्यांना परत. या नित्यशुष्कवादाला उत्तर सांख्यांच्या सत्कार्यवादातून द्यावे लागते. डायपर ओलेपणाचा नाश करीत नाही, तिरोभाव करतो. आतील कण आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून फुगतात. ओल आहे तिथेच आहे, फक्त व्यक्त नाही. सकाळी हातात घेतल्यास तिचे वजन जाणवते. बाळोत्याच्या बाबतीत ओलेपण तत्क्षणी व्यक्त होते, बालक तत्क्षणी रडते आणि घर तत्क्षणी जागे होते; म्हणजे ज्ञान आणि ज्ञेय यांत अंतर राहत नाही. तत्त्वतः बाळोतेच श्रेष्ठ. रात्रीच्या एका डायपरला आम्ही आपद्धर्म म्हणून मान्यता देतो. आंब्यात ही आपत्ती जूनपासून सप्टेंबरपर्यंत असते. मात्र वापरलेला डायपर ना जाळता येतो ना गाडता येतो ना कडवीच्या पात्रात टाकता येतो, आणि जिथे घंटागाडी येत नाही तिथे तो कुठे जातो, याविषयी नित्यशुष्कवादी मौन धारण करतात.

शासनानेही या शास्त्रात प्रवेश केला आहे. 2019 पासून सरकारी रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिले बाळंतपण झालेल्या मातेला सुमारे 2000 रुपये किमतीचा बेबी केअर किट देण्याची योजना राज्यात सुरू झाली. कपडे, लहानशी गादी, ब्लँकेट, मच्छरदाणी असा हा सरकारी बाळंतविडा. फिनलंडने अशी पेटी 1938 मध्ये गरजू मातांसाठी व 1949 पासून सर्व मातांसाठी सुरू केली, आणि तिथे पेटीच बाळाचा पाळणा होते. आपल्याकडच्या पिशवीत बाळ निजत नाही. परंतु त्या पिशवीत पुढे तांदूळ छान राहतात, हे विसरू नये. दोन्ही संचांत डालगे नाही. ही त्रुटी फिनलंडच्या बाबतीत क्षम्य आहे.

शेवटी उत्तरगती. बाळोत्याचा अंत होत नाही, पदावनती होते. बाळ चालू लागले की त्याच खंडाचे प्रथम नाक पुसण्याचे फडके होते, मग चुलीवरचे भांडे उतरवायचे, मग कंदिलाची काच गेली तरी तिच्या नावाने राहिलेले, आणि अखेर पित्याच्या मोटारसायकलची टाकी पुसण्याचे. या टप्प्यावर, आणि केवळ याच टप्प्यावर, पित्याला बाळोत्यावर पूर्ण स्वामित्व प्राप्त होते. तो ते सीटखाली ठेवतो आणि दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. मात्र हे स्वामित्व सोपाधिक आहे: धाकट्या भावाच्या बायकोला सातवा महिना लागला, की टाकीचा डाग पडलेले दोन सोडून बाकीची सर्व फडकी पूर्वसूचनेविना काढून घेतली जातात, गरम पाण्यात उकळली जातात आणि पुन्हा दोरीवर चढतात. त्या दिवशी मोटारसायकल कशाने पुसावी, याविषयी शास्त्रात विधान नाही.